यंत्राचा कोट

४ जानेवारी

प्रिय आत्या,

पाकीट जाड बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. काम आहे म्हणून लिहितेय. फोनच करणार होते, पण आमच्या प्रयोगशाळेत फोन एकच आणि तो दाढीवाल्या सरांच्या टेबलावर. शिवाय तुझा नियम मला लहानपणापासून पाठ आहे. माप तोंडी घेणार नाही, कागदावर दे.

मला एक कोट शिवून हवाय. माणसाला नाही, यंत्राला. आधी हसून घे, मग पुढचं वाच.

हवेत कोणकोणते वायू आहेत ते हे यंत्र उजेडावरून ओळखतं. उजेड म्हणजे डोळ्यांना दिसतो तो नव्हे. उन्हात बसलं की अंगाला ऊब लागते ना, तो अवरक्त उजेड. प्रत्येक वायू त्यातला आपापला ठरलेला घास खातो. कुठला घास गायब आहे ते बघायचं, की हवेत कोण कोण जेवून गेलं ते कळतं. वीस वर्षं हे एकशे अठरा किलोचं धूड दगडी टेबलावर ऐसपैस बसून होतं. आता त्याला फुग्याला टांगून तीस किलोमीटर वर पाठवायचंय, कारण आम्हाला ज्यांची चौकशी करायचीय ते वायू तिथे वर राहतात.

फुगा उचलणार चाळीस किलो. पाच वर्षं मी याला बारीक करतेय. लोखंडी बूड काढून ॲल्युमिनियमचं बसवलं. आतला दिवा काढला, वर सूर्य फुकट आहे. वर काय दिसलं ते खाली रेडिओने कळवायची सोयही काढली. नोंद पेटीतच राहील, पेटी हवाई छत्रीने खाली येईल, मग वाचू. आता वजन एकोणचाळीस किलो शंभर ग्रॅम आहे. कोटाला उरले नऊशे ग्रॅम.

वर उणे साठ अंश थंडी. यंत्रात एक आरसा सारखा मागेपुढे सरकत असतो, तो गारठून अडकला की खेळ खलास. म्हणून बाहेरून चंदेरी कागदी कापड, आतून जाड लोकर. दोन्ही सोबत पाठवतेय, मापंही. शिवलेला कोट एप्रिलपर्यंत कपाटात राहील. दुसरं काहीही घालू नकोस. खिसा नको, बटणं नकोत, नाड्या चालतील. आणि तुझ्या दुकानाच्या नावाची पट्टी तर अजिबात नको. माझ्या जुन्या स्वेटरची काढून तराजूवर घातली, चार ग्रॅम भरली. आत्या, चार ग्रॅमसाठी मी स्क्रूंची डोकी कानशीने घासलीयत.

फुगा वर्षातून एकदाच जातो आणि त्यावर जागा एकच. शेजारच्या खोलीतले धूळवाले (ते वरची धूळ मोजतात) टपून बसलेत. एप्रिलमध्ये आमचं यंत्र गेलं नाही तर ते परत दगडी टेबलावर आणि मी परत काचेची भांडी धुवायला.

तुझी,
भिंगरी

९ जानेवारी

भिंगरे,

कापड मिळालं. चंदेरी कापड इतकं चुरचुरतं की मांजर दुकान सोडून गेलं ते संध्याकाळी आलं.

मापं वाचली. लांबी-रुंदी-उंची लिहून मोकळी झालीस. शाळेच्या गणवेशाचंही माप असं कुणी देत नाही. आता नीट उत्तरं लिही. गिऱ्हाईक बसतं की लोंबकळतं? तोंड कुठल्या बाजूला? हालचाल किती करतं, कुठे काचेल? आणि मुख्य म्हणजे त्याला घाम येतो का? थंडी थंडी करत कोट चढवतात आणि आत उकडून मरतात, असली गिऱ्हाइकं मी चाळीस वर्षं बघतेय.

बारीक करण्याचं म्हणशील तर मोठ्याचा कोट लहानाला करताना आधी शिवण उसवायची असते, कात्री शेवटी. तू कानस घेऊन आधी डोकी उडवलीस. तुझ्या बापाचंच रक्त. त्याने पायजमा आखूड करायला घेतला होता, त्याची चड्डी झाली.

पट्टीचं वाचलं. माझ्या दुकानातून बिनपट्टीचा कपडा आजवर बाहेर पडलेला नाही. बिनपट्टीचा कपडा म्हणजे बेवारस. पण तुम्ही शिकलेली माणसं, तुमच्यापुढे आम्ही काय बोलणार.

जेवतेस का वेळेवर?

आत्या

१७ जानेवारी

प्रिय आत्या,

तुझ्या पायावर डोकं ठेवते! तुझं पत्र मी बैठकीत वाचून दाखवलं (पायजम्याचं सोडून). घामाच्या प्रश्नाला दाढीवाले सर खुर्चीतून उठलेच. मग म्हणाले, “अगं, वर हवाच विरळ. उष्णता न्यायला कुणी नाही. आरसा गारठेल आणि विजेचं सर्किट उकडेल!” हे आम्हा सात जणांना पाच वर्षांत सुचलं नव्हतं.

तर उत्तरं. लोंबकळतं. तोंड पुढे, सूर्याकडे, तिथे थाळीएवढं भोक ठेव. घाम पाठीला येतो, तिथे लोकर नको. हालचाल सगळी आतल्या आत.

आणि पट्टी लावू नकोस हे पुन्हा सांगते, कारण “आम्ही काय बोलणार” म्हणजे तुझा होकार नसतो.

भिंगरी

३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

कोट आला. असा बसला की नाड्या बांधल्यावर सर यंत्राभोवती फिरले आणि म्हणाले, “माझ्या लग्नातला कोटसुद्धा मला असा बसला नव्हता.”

एकच. वजन नऊशे बारा भरलं. वरचे बारा मी पेटीवरची पितळी नावपट्टी काढून भागवले. प्रयोगशाळेचं नाव आणि पत्ता आता रंगाने लिहिलाय. पण बारा ग्रॅम आले कुठून?

भिंगरी

८ फेब्रुवारी

भिंगरे,

दोरा. दुहेरी टीप घातलीय. उणे साठ अंशात एकेरी टीप उसवली तर तिथे रफू करायला कोण जाणार आहे?

आत्या

१ मार्च

प्रिय आत्या,

वाईट बातमी आहे.

गच्चीवर यंत्र नेलं, कोट घातला, मावळतीच्या सूर्याकडे तोंड केलं. सगळं छान दिसलं, आणि त्यात एक घास असा गायब, की जो खाणारा तिथे असायचं कारणच नाही. आमच्या यादीत तो वायू नाही. सरांचे डोळे चमकले. “नवीन काहीतरी!” म्हणून त्यांनी त्याचं नावसुद्धा ठरवलं, स्वतःचंच. मग यंत्र कोटासकट थंडीच्या कोठीत घातलं, खिडकीतून दिव्याचा उजेड सोडला, पंपाने हवा काढून टाकली. आत हवाच नाही, तरी हा पठ्ठ्या हजर! म्हणजे आभाळात नाही, आमच्या पेटीतच कुणीतरी बसून जेवतंय.

तीन आठवडे झाले, चोर सापडत नाही. यंत्र चार वेळा उसवलं (आधी शिवण, तुझं ऐकून). डिंक बदलला. तेल बदललं. पेटीवरचा रंग खरवडून काढला, पत्त्यासकट. सरांना दाढीला तेल लावायला बंदी केली, तर दाढी आता खराट्यासारखी झालीय. तरी चोर जागचा हलत नाही.

धूळवाल्यांनी बोभाटा केलाय की आमच्या यंत्राला नसलेलं दिसतं. तेरा तारखेला समिती बसतेय. तोवर कारण सापडलं नाही तर जागा त्यांची. पाच वर्षं गेली, आत्या. काल भांडी धुवायच्या मोरीपाशी उभी राहून मी रडले.

तक्त्यात एक रकाना आहे म्हणून विचारते, मनावर घेऊ नकोस. कोटात लोकर, कापड आणि दोरा याखेरीज काही नाही ना? आणखी एक गंमत. कोट दर आठवड्याला हलका होतोय. नऊशे बारा, मग नऊशे नऊ, आता नऊशे सहा. लोकर सुकत असेल.

भिंगरी

५ मार्च

भिंगरे,

पत्र वाचलं. इथे हवा बरी आहे. शिलाईयंत्राचा पट्टा बदलून घेतला. मांजराला तीन पिल्लं झाली, एक अगदी तुझ्या सरांसारखं दिसत असणार, हनुवटीला केस आहेत.

कोट हलका होतोय म्हणतेस तर चांगलंच आहे की. कसं ते मलाही कळव, माझं वजन वाढतंय.

चाळीस वर्षांत माझा एकही कपडा परत आलेला नाही, हे तुला माहीत आहे. मापाबरहुकूम शिवते मी.

रडू नकोस. मोरीपाशी तर मुळीच नको, घसरशील.

आत्या

६ मार्च, तातडीच्या टपालाने

भिंगरे,

कालच्या पत्रात मी खोटं बोलले नाही, पण खरंही बोलले नाही. पत्र पेटीत टाकून घरी आले, ताट वाढलं आणि तसंच झाकून ठेवलं. पोस्टात परत गेले, तर पोस्टमास्तर म्हणाले, पेटीत पडलेलं पत्र सरकारचं झालं. म्हणून हे दुसरं लिहितेय.

कोटाच्या खालच्या दुमडीत चार डांबरगोळ्या आहेत.

आता ओरड. ओरडून झालं की ऐक. तूच लिहिलं होतंस की कोट एप्रिलपर्यंत कपाटात राहणार. लोकर आणि तीन महिने बंद कपाट! दुकान काढलं त्या वर्षी एका बाईंचा लग्नाचा लोकरी कोट माझ्या कपाटात कसरीने खाल्ला होता. बाईंनी भोकातून हात घालून मला दाखवला. तो हात मला अजून दिसतो. तेव्हापासून लोकरीच्या कपड्याच्या दुमडीत गोळी टाकल्याशिवाय मला टाका घालता येत नाही. हात आपसूक डब्याकडे जातो. तू “दुसरं काही नको” लिहिलंस तेव्हा मला वाटलं, गोळी म्हणजे काही दुसरं थोडंच, ती लोकरीचाच भाग.

माझ्या दुमडीपायी तुझी पाच वर्षं जायची वेळ आली. पेटीवरचा पत्ता गेला, त्या बिचाऱ्याची दाढी गेली. मला लाज वाटते, भिंगरे. कोट परत पाठव, चाळीस वर्षांतला पहिला. आणि समितीला सांग की चूक शिंपिणीची आहे. हवं तर मी येऊन उभी राहते.

आत्या

१४ मार्च

आत्या, आत्या, आत्या!

आधी पाचचं पत्र आलं. वाचून मी म्हटलं, आत्याने मांजराचं एवढं कधी लिहिलं नव्हतं, काहीतरी पाणी मुरतंय. कात्री घेऊन दुमडीपाशी उभी होते तेवढ्यात तातडीचं आलं. उसवलं. वाटाण्याएवढ्या झालेल्या चार गोळ्या! म्हणून कोट बारीक होत होता. गोळ्या उडून जात होत्या आणि मी लोकरीला दोष देत होते. वास मला कसा आला नाही विचारशील, तर गेले दोन महिने सर्दी आहे. सरांना वास येत होता. त्यांना वाटलं तो माझा वास, आणि सभ्य माणूस म्हणून ते बोलले नाहीत.

मी खरंच ओरडले. पाच मिनिटं. तुझ्या नावाने. मग हसायला आलं आणि थांबेना.

काल समितीपुढे यंत्र नेलं. गोळ्या काढून दाखवलं, चोर गायब. एक गोळी आत टाकून दाखवलं, चोर हजर. धूळवाले हसले, “म्हणजे तुमच्या यंत्राने महिनाभर डांबरगोळी शोधली!” तर समितीच्या मुख्य बाई चष्मा काढून म्हणाल्या, “हो. अर्धी उडून गेलेली, दुमडीत शिवलेली गोळी यांच्या यंत्राला दिसली. तुमच्या यंत्राला या टेबलावरची धूळ तरी दिसली का?”

जागा आपली!

कोट सोबत पाठवतेय. दुमड नव्याने शिव. आणि आता विद्येची शपथ घेऊन लिही, आत आणखी काही नाही ना?

भिंगरी

२० मार्च

भिंगरे,

पत्र वाचून मी दुकान बंद केलं आणि पिल्लांना दूध पाजलं. त्या समितीच्या बाईंचं माप पाठव, मी त्यांना कोट शिवून देणार.

दुमड शिवली. शपथेवर लिहिते, डांबरगोळी एकही नाही. कपाटात ठेवू नकोस, दोरीवर टांग आणि रोज झटक.

तुझ्या रकान्यात लिही, शिंपिणीची चूक, शिंपिणीने दुरुस्त केली.

आत्या

२९ मार्च

प्रिय आत्या,

वजन आठशे शहाण्णव! चार ग्रॅम वाचवलेस माझे. तुझ्यासारखी शिंपीण नाही.

पेटीवर पत्ता अजून लिहिलेला नाही. पितळी नावपट्टी केव्हाच भंगारात गेली आणि नव्या रंगाचा वास येईल म्हणून सर तयार नाहीत. दाढीच्या तेलावरचाही विश्वास उडालाय त्यांचा. पण हरवायची भीती नाही, पेटीसोबत खुणेचा रेडिओ आहे, कुठे उतरली ते तो सांगेल.

भिंगरी

२६ एप्रिल

प्रिय आत्या,

फुगा अकरा तारखेला सुटला. तू बघायला हवी होतीस. तुझा कोट उन्हात चमकत वर गेला, वाटाण्याएवढा झाला, मग दिसेना. संध्याकाळपर्यंत सगळं सुरळीत. सूर्य मावळताना मोजायचं होतं, त्या वेळी यंत्र जागं होतं एवढं खुणेच्या रेडिओवरून कळलं. आणि नंतर रेडिओ बंद पडला. थंडीने त्याचीच बॅटरी मेली. त्याला कोट नव्हता.

पंधरा दिवस आम्ही शोधतोय. वारा कुठे नेईल त्याचा हिशेब करून जीपने हिंडलो. शेतं, ओढे, एक खाण. काही नाही. पेटीवर नाव नाही, पत्ता नाही. ज्याला सापडेल त्याला कळणार तरी कसं की ती कुणाची? सगळी नोंद त्या पेटीत आहे. पाच वर्षांतली ती एक संध्याकाळ, आणि ती कुणाच्या तरी कुंपणात पडून गंजत असेल.

सर म्हणतात, पुढल्या वर्षी बघू. पुढल्या वर्षी धूळवाल्यांची पाळी. मी उद्यापासून भांडी धुवायला. मोरीपाशी नीट उभी राहते, काळजी करू नकोस.

भिंगरी

५ मे, तातडीच्या टपालाने

भिंगरे,

बस आधी. बसलीस? आज मला आलेलं हे पत्र सोबत जोडतेय. जसंच्या तसं वाच.

“शिंपीणताईंना नमस्कार. मी तुम्हाला ओळखत नाही. आम्ही गुरं राखतो. मागच्या महिन्यात तुम्ही शिवलेला चंदेरी कोट आभाळातून आमच्या तळ्याच्या काठी पडला. आत एक पेटी होती, पण माणूस नव्हता. आम्ही नवरा-बायकोने तीन दिवस माणसाला शोधलं. तळ्यातही गळ टाकून बघितलं. नाही सापडला. फार वाईट वाटलं. पेटीवर काहीच लिहिलेलं नाही, म्हणून ती कोरड्या जागी, दाण्याच्या कणगीमागे ठेवली. परवा कोट धुवायला काढला तर दुमडीच्या आत तुमची पट्टी दिसली, दुकानाचं नाव, पत्ता आणि ‘फिटिंगची तक्रार असल्यास इथे कळवा’. फिटिंगची तक्रार नाही. पण तुमचं गिऱ्हाईक हरवलंय एवढं कळवावं म्हणून लिहिलं. त्याच्या घरच्यांना धीर द्या. पेटी कधीही न्या. कोट मात्र आमच्या आजारी वासराच्या अंगावर आहे, त्याला ऊब मिळते. बसतोही छान, फक्त पोटाला घट्ट होतो. बरं झालं की परत करू.”

पाकिटावर पत्ता आहे. मी त्यांना तार केली की कुणी मेलेलं नाही, पेटी आमचीच, पोरगी येतेय.

आता पट्टीचं. तू शपथ घ्यायला लावलीस, मी ती डांबरगोळीपुरतीच घेतली. पट्टी पहिल्यापासून तिथेच होती. दुमड उसवलीस तेव्हा गोळ्या दिसल्या आणि तू नाचायला लागलीस, वरच्या कोपऱ्यात बघितलं नाहीस. आता रागाव. पण बेवारस कपडा माझ्या हातून जाणं शक्य नाही, आणि तुझं यंत्र बेवारस पाठवणं तर त्याहून नाही. जीप काढ.

आत्या

१८ मे

प्रिय आत्या,

पेटी मिळाली. आरसा हलतोय. नोंद सगळी आहे, सूर्य बुडेपर्यंतची. मी कणगीला टेकून खाली बसले आणि पेटीला मिठी मारून मोठ्याने रडले. तुला पत्र लिहिणाऱ्या त्या बाई नवऱ्याला म्हणाल्या, “बघा, मी म्हटलं नव्हतं, घरचं माणूस आहे ते.”

काल रात्रभर गुणाकार-भागाकार झाले. ज्यांची चौकशी करायची होती ते सगळे वायू सापडले, तीस किलोमीटरवर, आपापला घास खाताना. डांबरगोळी एकही नाही. सरांनी आमचा लेख लिहायला घेतलाय. शेवटी आभाराची यादी असते, तिच्यात पहिलं नाव तुझं. हुद्दा काय लिहू म्हणाले. मी म्हटलं, शिंपीण लिहा, तिला दुसरं काही चालणार नाही.

सर पुढच्या यंत्राच्या वजनाचा तक्ता करत होते. त्यात त्यांनी एक ओळ वाढवली. आरसा इतका, सर्किट इतकं, कोट इतका, आणि खाली : पट्टी, चार ग्रॅम, सक्तीची.

मी रागावले नाही. रागवायला गेले होते, जमलं नाही.

वासरू बरं आहे. कोट परत आणायचा धीर झाला नाही, ते उड्या मारत होतं त्यात.

तुझी,
भिंगरी

२३ मे

भिंगरे,

पोटाला घट्ट होतो असं त्या बाईंनी स्वच्छ लिहिलं होतं. तू तिथे जाऊन आलीस आणि वासराचं माप आणलं नाहीस?

त्यांना पत्र टाकलंय, छाती, पोट, पाठीची लांबी कागदावर लिहून पाठवा म्हणून. घाम येतो का तेही विचारलंय. चाळीस वर्षांत फिटिंगची पहिली तक्रार आली, ती तशीच ठेवून मला झोप लागणार नाही.

यादीतलं नाव कापून पाठव. दुकानात लावते.

आत्या